मुठीएवढी मूत्रपिंडे

घरात स्वयंपाक झाला की कचरा निघतो. कांद्याची टरफले, बटाट्याच्या साली, तांदळातले खडे, चहाचा चोथा. हा कचरा रोजच्या रोज बाहेर टाकला, तर घर स्वच्छ राहते. चार दिवस तो घरातच ठेवला, तर काय होईल, हे तुम्हांला सांगायला नको.

आपले शरीर हेही एक घरच आहे. या घरात रात्रंदिवस काम चालते. अन्नापासून शक्ती मिळते, नव्या पेशी तयार होतात, जुन्या पेशी झिजतात. जेथे काम आहे, तेथे कचरा हा आलाच. डाळ, अंडी, दूध, मांस यांतून आपल्याला प्रथिने मिळतात. शरीरात ही प्रथिने मोडली, की अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. आपले यकृत अमोनियाचे रूपांतर युरियात करते. युरिया अमोनियाइतका घातक नसतो. पण तोही रक्तात साठून राहिला, तर शरीराला अपाय होतो. म्हणून तो सतत बाहेर टाकावा लागतो. शरीरात तयार झालेले असे निरुपयोगी पदार्थ बाहेर टाकण्याच्या क्रियेला उत्सर्जन म्हणतात. फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. घामावाटे त्वचाही थोडे क्षार आणि थोडा युरिया बाहेर टाकते. पण या कामाचा सर्वांत मोठा भार दोन मूत्रपिंडांवर असतो.

ज्याला तुम्ही उर्दूत 'गुर्दा' म्हणता, त्यालाच मराठीत 'मूत्रपिंड' किंवा 'वृक्क' म्हणतात. बकरी ईदच्या दिवशी तुम्ही घरी बोकडाचा गुर्दा पाहिला असेल. तांबूस तपकिरी रंग, गुळगुळीत पृष्ठभाग आणि राजम्याच्या दाण्यासारखा आकार. आपले मूत्रपिंडही दिसायला बरेचसे तसेच असते. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड १० ते १२ सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम भरते. दोन्ही हात मागे नेऊन कमरेच्या थोडे वर, शेवटच्या बरगड्यांजवळ ठेवा. तेथेच आत, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, तुमची मूत्रपिंडे आहेत. उजव्या बाजूला वर मोठे यकृत असते. म्हणून उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते.

आता त्यांचे काम पाहू या. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. दर मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त त्यांच्यातून वाहते. मूत्रपिंडात रक्त गाळणारे अतिशय सूक्ष्म भाग असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी पेल्यासारखा एक भाग असतो आणि त्या पेल्यात बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. पेल्याच्या पुढे लांब, वळणावळणाची नळी असते. इटलीतील शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी यांनी १६६६ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून या गुच्छांचे वर्णन केले. पुढे १८४२ साली इंग्लंडमधील विल्यम बोमन यांनी पेला आणि नळी एकमेकांना जोडलेली असतात, हे दाखवून दिले. म्हणून त्या पेल्याला 'बोमन संपुट' असे नाव मिळाले.

तुम्हांला वाटेल, की मूत्रपिंडे रक्तातील कचरा तेवढा शोधून काढत असतील. पण तसे होत नाही. त्यांची रीत अगदी निराळी आहे.

समजा, एका कपाटात पुस्तके, कपडे आणि रद्दी यांची सरमिसळ झाली आहे. ते आवरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे आत हात घालून एकेक रद्दी कागद शोधून काढणे. दुसरा मार्ग म्हणजे कपाट पूर्ण रिकामे करणे, कामाच्या वस्तू पुन्हा आत ठेवणे आणि उरलेले फेकून देणे. मूत्रपिंडे दुसऱ्या मार्गाने काम करतात.

रक्तवाहिन्यांच्या गुच्छात रक्त दाबाने येते. त्या दाबामुळे रक्तातील पाणी, साखर, क्षार, युरिया असे सगळे लहान पदार्थ गाळून बोमन संपुटात उतरतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मात्र गाळणीतून जाऊ शकत नाहीत. ती रक्तातच राहतात. गाळलेले पाणी नळीतून पुढे सरकू लागते. आता खरी निवड सुरू होते. नळीच्या भिंती उपयोगी पदार्थ परत घेतात आणि रक्ताकडे सोपवतात. साखर जवळजवळ सगळी परत घेतली जाते. क्षार जरुरीप्रमाणे परत घेतले जातात. बहुतेक पाणीही परत जाते. रक्तात राहिलेले काही नको असलेले पदार्थ नळीच्या भिंती आतही टाकतात. शेवटी नळीत जे उरते, ते मूत्र.

या रीतीचा एक मोठा फायदा आहे. मूत्रपिंडांना कचऱ्याची यादी पाठ करावी लागत नाही. कामाच्या वस्तूंची ओळख असली, की पुरे. जे ओळखीचे नाही, ते आपोआप बाहेर जाते. म्हणूनच आपण घेतलेल्या कित्येक औषधांचे उरलेले अंशही मूत्रावाटे निघून जातात.

आता थोडे गणित करू या. निरोगी मोठ्या माणसाची मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. १५ लिटरच्या बादल्या घेतल्या, तर बारा बादल्या भरतील! पण दिवसभरात मूत्र किती तयार होते? साधारण दीड लिटर. म्हणजे गाळलेल्या शंभर भागांपैकी नव्याण्णव भाग पाणी शरीराला परत मिळते. एवढी काटकसर आपल्या घरात कोणी करत नसेल.

पाणी नेमके किती परत घ्यायचे, हे रोज ठरवावे लागते. रमजानचे उदाहरण घ्या. रमजान महिना कधी हिवाळ्यात येतो, तर कधी उन्हाळ्यात. उन्हाळ्यातला रोजा आपल्याकडे चौदा-पंधरा तासांचा असतो. सहरीनंतर पाण्याचा थेंबही पोटात जात नाही. घाम मात्र येतच राहतो. दुपारपर्यंत रक्तातील पाणी थोडे कमी होते. मेंदूला हे लगेच कळते. मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडांपर्यंत जणू निरोप पोहोचवते, 'पाणी जपा.' मग नळ्या आणखी पाणी परत घेऊ लागतात. मूत्र थोडे आणि गडद पिवळे होते. संध्याकाळी इफ्तारनंतर तुम्ही पाणी, सरबत पिता. मग तो निरोप थांबतो आणि मूत्र पुन्हा फिकट होते. एका दिवसात तुमच्या शरीरात एवढी मोठी व्यवस्था बदलते आणि तुम्हांला तिचा पत्ताही लागत नाही.

परंतु या काटकसरीला मर्यादा आहे. कचरा वाहून नेण्यासाठी मूत्रपिंडांना रोज निदान अर्धा लिटर तरी मूत्र तयार करावेच लागते. म्हणून इफ्तार ते सहरीच्या वेळात थोडे थोडे करून भरपूर पाणी प्यावे. ज्यांची मूत्रपिंडे आजारी आहेत, त्यांनी रोजा ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. आजारी माणसाला धर्मानेही सवलत दिलेली आहे.

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र मूत्रवाहिनीतून थेंबाथेंबाने खाली येते. प्रत्येक मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयात उघडतात. मूत्राशय म्हणजे ताणली जाणारी एक स्नायूंची पिशवी. तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ती अर्धी भरत आली, की मेंदूला सूचना मिळते आणि आपल्याला लघवीची भावना होते. मग मूत्रमार्गातून मूत्र बाहेर टाकले जाते.

ही सूचना वारंवार टाळू नये. मूत्र फार वेळ साठून राहिले, तर त्यात जंतू वाढण्याचा धोका असतो. शाळेतील स्वच्छतागृह घाणेरडे असते, म्हणून काही मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घरी जाईपर्यंत त्या तशाच बसून राहतात. हे फार चुकीचे आहे. त्यामुळे लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि मुतखडा असे त्रास होऊ शकतात. स्वच्छतागृह स्वच्छ नसेल, तर तसे शिक्षकांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाणी पिणे आणि लघवीला जाणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे.

मूत्र पाहून आजार ओळखण्याची रीत फार जुनी आहे. युनानी हकीम काचेच्या भांड्यात घेतलेल्या मूत्राची, म्हणजे कारूऱ्याची, तपासणी करत. त्याचा रंग, दाटपणा, वास यांवरून ते रोगाचा अंदाज बांधत. थोर हकीम इब्न सिना (९८०–१०३७) यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात या तपासणीला महत्त्वाचे स्थान आहे. आज प्रयोगशाळेतही डॉक्टर मूत्र तपासतात. मूत्रात साखर सापडली, तर मधुमेहाची शंका येते. प्रथिने सापडली, तर गाळणी बिघडली असावी, असे समजते.

मूत्रपिंडे केवळ सफाई करत नाहीत. ती रक्तदाब काबूत ठेवण्यास मदत करतात. तांबड्या रक्तपेशी तयार करण्याचा संदेश हाडांतील मगजाला पाठवतात. ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देतात. म्हणून मूत्रपिंडे बिघडली, की रक्त कमी होते आणि हाडेही कमजोर होतात.

दुःखाची गोष्ट अशी, की मूत्रपिंडे बिघडू लागली, तरी बहुधा दुखत नाहीत. बरेचसे नेफ्रॉन निकामी होईपर्यंत रोग्याला काही जाणवत नाही. मग पाय आणि चेहरा सुजतो, भूक मरते, थकवा येतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या बिघाडाची सर्वांत मोठी कारणे आहेत. डॉक्टरांना न विचारता दिवसामागून दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्यानेही मूत्रपिंडांना इजा होते.

पूर्वी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तर मृत्यू अटळ असे. हे चित्र बदलले ते हॉलंडमधील एका तरुण डॉक्टरांमुळे. त्यांचे नाव विलेम कोल्फ. दुसरे महायुद्ध चालू होते, देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि कोणतीही वस्तू सहज मिळत नव्हती. तरीही १९४३ साली कोल्फ यांनी रक्त शुद्ध करणारे यंत्र तयार केले. लाकडी पट्ट्यांच्या एका पिंपाभोवती त्यांनी सेलोफेनची लांब नळी गुंडाळली होती. पिंप क्षारांच्या पाण्यात फिरे, नळीतून रक्त वाहे आणि युरिया पाण्यात उतरे. त्यांचे सुरुवातीचे बहुतेक रोगी वाचले नाहीत. पण कोल्फ यांनी प्रयत्न सोडला नाही. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे वाचली. आज या उपचाराला डायलिसिस किंवा अपोहन म्हणतात. अशा रोग्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राजवळ पडून राहावे लागते. जे काम दोन मुठीएवढे अवयव गुपचूप करतात, त्यासाठी केवढा हा खटाटोप!

दुसरा उपाय म्हणजे मूत्रपिंडाचे रोपण. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड त्याच्या आजारी जुळ्या भावाला बसवले. तो भाऊ आणखी आठ वर्षे जगला. मूत्रपिंड देणारा भाऊ तर एकाच मूत्रपिंडावर २०१० पर्यंत जगला. डॉ. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले. गरिबांच्या गरजेचा फायदा घेऊन कोणी मूत्रपिंडांचा व्यापार करू नये, म्हणून १९९४ साली आपल्या देशात कायदा करण्यात आला. मूत्रपिंड दान करता येते. ते विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. मृत्यूनंतरही माणूस अवयवदान करून दुसऱ्याला जीवदान देऊ शकतो.

सुदैवाने, मूत्रपिंडांची काळजी घ्यायला पैसे लागत नाहीत. तहान लागली, की स्वच्छ पाणी प्या. उन्हात खेळलात, तर थोडे जास्त प्या. मीठ बेताने खा. लघवी रोखून धरू नका. घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्यांना वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घेण्याची आठवण करा. अम्मी-अब्बा, दादा-दादी तुमचे बोलणे नक्की ऐकतील.

आज रात्री तुम्ही झोपाल. हात-पाय, डोळे, कान विसावा घेतील. मूत्रपिंडे मात्र जागीच राहतील. सकाळपर्यंत ती कितीतरी बादल्या पाणी गाळतील आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक थेंब तुम्हांला परत करतील. सकाळी उठल्यावर त्यांच्यासाठी एक पेला पाणी प्यायला विसरू नका.