संखेड्याच्या खुर्चीचे मोल

लग्नाच्या व्यासपीठावर वधूवरांसाठी मांडलेली, गडद तांबड्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेली, गोल गोल दांड्यांची खुर्ची महाराष्ट्रातही पुष्कळांनी पाहिलेली असते. मुंबईतील कित्येक घरांतला झोपाळा त्याच घाटाचा असतो. ‘संखेडा’ हे त्या फर्निचरचे नाव असल्याचे बहुतेकांना ठाऊक असते. संखेडा हे एक गाव आहे, हे मात्र फार थोड्यांना. बडोद्याच्या पूर्वेला ओरसंग नदीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. २०१३ पासून ते छोटा उदेपूर या नव्या जिल्ह्यात मोडते. लेथला गुजरातीत ‘संघेडु’ म्हणतात व त्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. खरादी-सुतार समाजाची काही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आली आहेत. खरादी म्हणजे आपल्याकडचा कातारी. लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कारागीर.

संखेड्याच्या या फर्निचरला २००७ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशी नोंदणी झाली की वृत्तपत्रांतून अभिनंदनाचे मथळे झळकतात आणि कला वाचल्याचे समाधान सर्वत्र पसरते. परंतु नाव सुरक्षित होणे आणि ते नाव ज्याच्यामुळे निर्माण झाले त्याची मजुरी सुरक्षित होणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर समजून घ्यायचे, तर ही खुर्ची घडते कशी हे आधी पाहिले पाहिजे.

या खुर्चीत सपाट असे फारसे काही नसते. पाय गोल, आडव्या दांड्या गोल, पाठीचे गजही गोल. ही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हे. येथे आकार ठरवला आहे तो अवजाराने. सागवानाचा तुकडा लेथवर चढवून कातला जातो आणि त्यावर रंगाचा पहिला हात दिला जातो. मग कथलाचा वर्ख सरसात घोटून केलेल्या लेपाने, बारीक कुंचल्याने, मुक्त हाताने नक्षी काढायची. त्या वेळी ही नक्षी मळकट, राखाडी दिसते. अकीकाच्या दगडाने ती घासली की रुपेरी चमक येते. शेवटी तिच्यावर लाखेचे पारदर्शक आवरण चढवून उष्णता दिली, की लाखेच्या पिवळसर तांबूस छटेमुळे रुपेरी रेघ सोनेरी भासू लागते. केवड्याच्या पानाने घासून तिला झिलई देतात. पाहणाऱ्याला जे सोने वाटते, ते कथील आणि लाख यांच्या संयोगातून निर्माण झालेले असते. घासणे आणि झिलई देणे ही कामे वस्तू गोल फिरत असतानाच नीट साधतात, म्हणून खुर्चीचा प्रत्येक अवयव गोल. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी ज्यांनी न्याहाळली असतील, त्यांना हे नाते चटकन उमगेल.

या प्रक्रियेत वेळ कोठे खर्च होतो? पूर्वी लेथ हाताने फिरवावा लागे. एक जण दोरी ओढी आणि दुसरा पटाशी धरी. विजेची मोटार आली, तेव्हा कातण्याचे काम कित्येक पटींनी जलद झाले. नक्षीचा कुंचला मात्र जितक्या गतीने आजोबांच्या हातात चालत असे, तितक्याच गतीने नातवाच्या हातात चालतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाट्य-संगीतादी कलांविषयी लिहिताना नेमक्या याच पेचावर बोट ठेवले होते. इतर क्षेत्रांत यंत्रांमुळे उत्पादकता वाढते व तिच्यामागोमाग वेतनही वाढते. ज्या कामात हाताला पर्याय नाही, तेथे उत्पादकता होती तेथेच राहते. पण कारागिराला टिकवायचे तर वेतन इतरत्र मिळते तेवढे द्यावेच लागते. म्हणून हातकामाची वस्तू कुणी नफेखोरी केली नाही तरी महाग होतच जाते. बडोद्याच्या आसपास कारखान्यांचा पसारा एवढा असताना संखेड्याच्या तरुणाला पगारी नोकरीची वाट दिसणारच. तो लेथपाशी बसला, तर त्यामागे त्याचे कलाप्रेम किती आणि नाइलाज किती, हे कोणी विचारत नाही.

खर्च वाढला की काटकसरीचा मोह नेमका त्या हातकामाच्याच ठिकाणी होतो. नक्षी विरळ करता येते. वर्खाऐवजी तयार सोनेरी रंग आणि लाखेऐवजी फवाऱ्याने मारायचे रासायनिक लॅकर वापरता येते. दुकानाच्या झगझगीत दिव्यांत दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसतात आणि ग्राहक साहजिकच स्वस्त खुर्ची उचलतो. खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावतो तो असा. यासाठी कारागिराला दोष देणे अन्यायाचे होईल. रंगांच्या बाबतीत त्याने तांबड्या-सोनेरीच्या जोडीला काळा, हिरवा, निळा असे रंग आणले, त्यावरही शुद्धतावाद्यांनी नाके मुरडण्याचे कारण नाही; ग्राहकाच्या आवडीनुसार बदलणे हा जिवंत धंद्याचा स्वभावच असतो. जपायची आहे ती रंगसंगती नव्हे, जपायची आहे ती लाखेखालच्या कथलाची पद्धत.

येथेच भौगोलिक निर्देशांकाची मर्यादा उघडी पडते. १९९९ चा कायदा नावाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देतो. परंतु दाद मागायची म्हणजे वकील आला, खर्च आला, तारखा आल्या. एकेका लेथवर पोट असलेल्या कुटुंबाने दूरच्या शहरातील व्यापाऱ्याला न्यायालयात खेचावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

कच्च्या मालाची कथाही अशीच. वनखात्याच्या आगारातील सागवान लिलावात विकले जाते आणि तेथे मोठ्या भांडवलाचा व्यापारी बोली लावतो. कारागिराला तेच लाकूड वखारीतून, वखारवाल्याच्या भावाने घ्यावे लागते. ओळखीच्या वखारीत उधारी मिळते हे खरे, पण त्या उधारीचे व्याज भावातच दडलेले असते.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले, त्यामागे कारागिरी आणि शास्त्र यांची सांगड घालण्याची दृष्टी होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ आले. २०२० मध्ये ते बरखास्त झाले तेव्हा त्याची फारशी वाच्यताही झाली नाही. २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांना पाच टक्के व्याजाने कर्ज आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आहे. योजना वाईट नाही. पण अवजारे स्वस्त झाल्याने कातण्याचे काम सोपे होईल, आणि ते तर मोटारीने आधीच सोपे केले आहे. अडचण विक्रीपाशी आहे.

सोन्याच्या दागिन्यावर २०२१ पासून हॉलमार्कचा ठसा टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तो ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी कस ओळखता येत नाही म्हणूनच. खुर्चीच्या पाठीमागच्या दांडीवरही लाख कोणती, नक्षी हाताची की छापाची, हे सांगणारा तपासणीचा ठसा असू शकतो, आणि किमतीच्या चिठ्ठीवर लाकूड व रंगकाम यांची किंमत वेगळी दाखवता येते. गुजरात सरकारच्या हस्तकला महामंडळाची ‘गरवी गुर्जरी’ ही विक्रीकेंद्रे आहेत. तेथे येणाऱ्या संखेड्याच्या मालापासून याची सुरुवात करायला नव्या कायद्याची गरज पडणार नाही.