एक कात्री, दोन झाडं

रत्नागिरीकडच्या आमच्या परसात विहिरीशेजारी मोगरा आहे आणि गोठ्यापाशी हापूसचं जुनं कलम. एका जानेवारीत मी मोगरा छाटला. कात्री हातातच होती, आंब्याच्या फांद्या गोठ्याच्या कौलांवर टेकल्या होत्या. म्हटलं, याचीही जरा हजामत करू. मार्चअखेरीस मोगरा कळ्यांनी लगडला. आंब्याच्या कापलेल्या बाजूला मात्र मोहोराचा तुरा दिसेना. न कापलेल्या बाजूला कैऱ्या लोंबत होत्या. आत्या म्हणाली, "मोगऱ्याची हजामत केलीस, आंब्याचा गळा कापलास!"

मोगऱ्याची कळी येते नव्या फुटीवर. छाटणी केली की नवी फूट, आणि नवी फूट म्हणजे फुलं. आंब्याचा मोहोर येतो तो आधी फुटून जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर. थंडीत तो शेंडा उडवला की त्या काडीचा मोहोरही गेला. म्हणून आंब्याची दाटी कमी करायची ती फळं उतरल्यावर. मधल्या गर्दीच्या, वाळक्या फांद्या काढून आत ऊन पोचेल एवढंच करायचं आणि मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची. आता हापूसला एक वर्षाआड धरायची खोड आहेच. पण त्या वर्षी मला तेही कारण सांगता येईना, कारण दुसरी बाजू पुरावा म्हणून उभी होती.

पाण्याचंही तसंच. कुंडीतल्या मोगऱ्याच्या मुळांना जाऊन जाऊन जायचं कुठे? एप्रिलच्या उन्हात त्याला रोज पाणी लागतं. दोन दिवस विसरलात तर कळ्या सुकतात. आंब्याचे लाड पहिल्या तीन-चार उन्हाळ्यांपुरते. पुढे मुळं खोल गेली की तो आपलं आपण बघतो. उलट पावसाळा संपल्यावर मोठ्या झाडाला मायेनं पाणी घालत राहिलात, तर मोहोराऐवजी तांबूस पालवी फुटते. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती फळं धरल्यावरच्या पाण्याची: फळ वाटाण्याएवढं झालं की पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा, दर झाडाला १५० ते २०० लिटर. फळगळ त्यानं कमी होते.

खताला आंबा वर्षातून एकदा पंगतीला बसतो, पावसाच्या तोंडावर. पहिल्या वर्षी एक घमेलं शेणखत, मग वर्षागणिक एकेक वाढवत दहाव्या वर्षी दहा घमेली. रासायनिक खतही त्याच चढत्या हिशेबानं. बरेच जण खत बुंध्याशी ओततात. पण अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, म्हणून चर तिथे खणायचा. मोगऱ्याचं पोट लहान. कुंडीतलं खत पाण्याबरोबर भोकातून वाहून जातं, तेव्हा त्याला दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत बरं. एक-दोन वर्षांनी माती बदलावी आणि कुंडी अशी ठेवावी की निदान पाच-सहा तास ऊन लागेल. सावलीतला मोगरा नुसता पानांनी माजतो.

आंब्याची खरी कसोटी बालपणी. कलमाच्या सांध्याखाली फूट आली की ती लगेच खुडायची. ती रायवळ खुंटाची असते. वाढू दिली तर हापूस मागे पडतो आणि काही वर्षांनी अंगणात भलताच आंबा उभा राहतो. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी काढून टाकायचा. जिवावर येतं, पण रोपट्यानं आधी अंग धरायला हवं. मोठेपणी काम बरंचसं नजरेचं: बुंध्याशी भुसा पडलाय का, म्हणजे भिरूड शिरलाय, फांदीवर बांडगूळ दिसतंय का. मोगऱ्याला नजरही रोजची लागते. कळ्या जांभळट दिसल्या की आत अळी, त्या खुडून टाकायच्या.

एका गोष्टीत मात्र दोघांचं जमतं. पाऊस सरला की दोघांनाही थोडं उपाशी ठेवायचं असतं. आंब्याचं पाणी तोडायचं. मोगऱ्याचंही कमी करत न्यायचं, पानं थोडी गळू द्यायची, मग डिसेंबर-जानेवारीत गुडघ्याएवढा ठेवून छाटायचा आणि खत-पाणी सुरू करायचं. ही विश्रांती चुकली की पुढचा बहर हलका.

आता मी पुण्यात असतो. बाल्कनीतल्या मोगऱ्यासाठी गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली द्यावी लागते. गावचा आंबा वर्षात चार दिवस माझी वाट बघतो, तेही बहुधा नाहीच. पण जानेवारीत तिथे विहिरीपाशी कात्री वाजली, की ओटीवरून आत्याचा आवाज येतोच, "झालं ना मोगऱ्याचं? मग ती कात्री इकडे आण बघू."