शिवेवरचे राखणदार

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अगदी उत्तरेचे गाव होय. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस गुजरात राज्याची शीव. येथे मच्छीमार राहतात, तसेच वारली कुटुंबेही राहतात. अशा गावी रात्री चोरी झाली, होडी वेळेवर परतली नाही, किंवा शिवेपलीकडे बाजाराला गेलेल्या माणसाला कोणी लुबाडले, तर दाद कोणाकडे मागावयाची? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी ग्रामीण पोलीसदलाची रचना समजून घेतली पाहिजे.

पूर्वी गावाच्या बंदोबस्ताचा भार पाटलावर असे. त्याच्या हाताखालचे जागले चोरांचा माग काढीत. माग ज्या गावच्या शिवेत लोप पावे, त्या गावाने चोर हजर करावा किंवा नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. १८१७ साली उत्तर कोकण इंग्रजांच्या हाती गेले. पुढे १८५३ साली मुंबई इलाख्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षक नेमण्याची पद्धत सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम झाला. तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो.

हे दल एखाद्या शिडीसारखे आहे. पहिल्या पायरीवर पोलीसपाटील असतो. हे पद आता वंशपरंपरेचे नाही. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमानुसार त्याची नेमणूक होते. गावातील गुन्ह्याची किंवा संशयास्पद मृत्यूची वर्दी तो ठाण्याला देतो. ठाण्याच्या हद्दीचे बीट पाडलेले असतात आणि दूरच्या भागासाठी दूरक्षेत्रे असतात. ठाण्यात शिपाई, हवालदार व उपनिरीक्षक काम करतात. काही ठाण्यांचा कारभार पोलीस निरीक्षकाकडे, तर काहींचा सहायक निरीक्षकाकडे असतो. काही ठाणी मिळून एक उपविभाग होतो आणि सर्व जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याला स्वतःचा अधीक्षक मिळाला.

झाईसारख्या गावी दोन कामे अधिक कठीण असतात. पहिले समुद्राचे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. वाटेत त्यांनी मच्छीमारांची एक नौका बळकावली होती. तेव्हापासून किनाऱ्यावरील पहारा वाढला आणि अनोळखी नौका दिसताच वर्दी देणारा मच्छीमार हा पोलिसांचा मोठा आधार ठरला. दुसरे काम शिवेचे. शेजारचे उंबरगाव १ मे १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. आज तेथे दुसऱ्या राज्याचे पोलीस आहेत. म्हणून गुन्हेगार शीव ओलांडून निसटू पाहतो. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार दखलपात्र गुन्हा कोठेही घडला असला, तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. ‘आमची हद्द नाही’ असे सांगून फिर्यादीस परत पाठविता येत नाही. नोंदीची प्रतही त्याला विनामूल्य मिळते.

मात्र केवळ कायद्याने विश्वास निर्माण होत नाही. १९४५ साली याच परिसरातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. त्या काळी गरिबाला पोलीस म्हणजे जमीनदाराची काठी वाटे. पोलिसाच्या अंगावरील वर्दीची भीती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती अशा आठवणींमुळे.

आपल्या संविधानाने ही स्थिती पालटली. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते व प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. म्हणजे कायदा जसा चोराला बांधतो, तसाच पोलिसालाही बांधतो. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. त्यात सज्जनांच्या रक्षणाला पहिले स्थान आहे, दुर्जनांच्या बंदोबस्ताला दुसरे. झाईच्या किनाऱ्यावरील एखादी वारली स्त्री ज्या दिवशी न कचरता ठाण्याची पायरी चढेल आणि तेथे तिचे म्हणणे शांतपणे ऐकून लिहून घेतले जाईल, त्या दिवशी हे ब्रीद खरे झाले असे म्हणता येईल.