लांग पिंग : जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे

लांग पिंगचा जन्म १० डिसेंबर १९६० रोजी चीनमधील तिआनजिन शहरात झाला. वाढली ती बीजिंगमध्ये. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी ऑलिम्पिक व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक मिळवणारी ती जगातली पहिली व्यक्ती. (अमेरिकेच्या कार्च किराय याने ही किमया २०२१ साली केली.) तिच्या दोन सुवर्णपदकांमध्ये ३२ वर्षांचे अंतर आहे.

१९७८ मध्ये ती राष्ट्रीय संघात आली. उंची १.८४ मीटर. जाळीजवळच्या डावीकडच्या, म्हणजे चार नंबरच्या जागेवरून ती मारत असलेल्या स्मॅशमुळे चिनी प्रेक्षकांनी तिला ‘लोखंडी हातोडा’ हे नाव दिले. त्या काळी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे आणि सेट १५ गुणांचा असे. समोरच्याची सर्व्हिस मोडली तरी फलकावर काही चढत नसे. अशा खेळात हमखास चेंडू मारणारी खेळाडू हाताशी असणे फार मोलाचे होते, आणि लांग पिंग तशी होती.

प्रशिक्षक युआन वेइमिन कडक शिस्तीचे. १९८१ च्या विश्वचषकात त्यांचा संघ शेवटच्या सामन्यात ओसाकाला यजमान जपानशी खेळला. चीनने पहिले दोन सेट घेतले आणि तेवढ्यानेच गणिताच्या हिशेबाने विजेतेपद निश्चित झाले. मुलींचे हातपाय सैलावले. पुढचे दोन्ही सेट जपानने नेले. चषक आपलाच झालेला असूनही युआन खेळाडूंवर चिडले. हा सामना हरून विजेते होण्यात त्यांना काही अर्थ वाटत नव्हता. पाचवा सेट चीनने १७-१५ असा जिंकला. सांघिक खेळातले चीनचे हे पहिले मोठे जागतिक विजेतेपद. दीर्घ एकाकीपणानंतर जगासमोर येणाऱ्या देशाने ते डोक्यावर घेतले. १९८२ मध्ये पेरूत जागतिक अजिंक्यपद मिळाले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या साखळीत चीन अमेरिकेकडून हरला, पण अंतिम सामन्यात त्याच अमेरिकेला ३-० ने नमवले. सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे तिथे नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १९८५ चा विश्वचषकही चीनने राखला आणि लांग पिंग स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

त्यानंतर तिने खेळ थांबवला आणि १९८७ मध्ये अमेरिकेची वाट धरली. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकता शिकता ती तिथल्या संघाला शिकवू लागली. मधे इटलीत मोडेना क्लबकडून पुन्हा खेळली. १९९० च्या जागतिक स्पर्धेसाठी ती चीनच्या संघात परतली. तेव्हा रौप्यपदक मिळाले.

१९९५ मध्ये चीनने तिला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावले. अटलांटा ऑलिम्पिक १९९६ आणि जागतिक स्पर्धा १९९८, दोन्हीकडे क्युबापुढे हार आणि रौप्य. प्रकृतीच्या कारणाने तिने पद सोडले आणि पुढची काही वर्षे इटालियन क्लबांना शिकवले.

२००५ मध्ये तिने अमेरिकेच्या महिला संघाची जबाबदारी घेतली, तेव्हा चीनमध्ये भुवया उंचावल्या. मुलगी अमेरिकेत वाढत होती, तिच्याजवळ राहता यावे हे एक कारण होते. २००८ मध्ये, बीजिंगमध्येच, तिच्या अमेरिकन संघाने साखळीत चीनला ३-२ ने हरवले. पलीकडच्या बाकावर होते चेन झोंगहे, नव्वदच्या दशकात तिचेच सहायक असलेले. अमेरिका अंतिम फेरीपर्यंत गेली आणि ब्राझीलकडून हरून रौप्यावर थांबली. लांग पिंगचे खरे मोठेपण स्मॅशपेक्षा या बाकावरच्या कामात आहे. कारण कोणाचाही संघ हाती दिला तरी ती तो पदकापर्यंत नेत होती.

२०१३ मध्ये ती पुन्हा चीनची प्रशिक्षक झाली. त्याच वर्षी संघ आशियाई स्पर्धेत चौथा आला, एवढी पडती अवस्था होती. तिने ठरावीक चेहऱ्यांवर विसंबणे सोडून मोठ्या संख्येने खेळाडू सरावाला बोलावले, परदेशी फिजिओ आणि ट्रेनर आणले, आणि दुखापतींकडे दुर्लक्ष करून तासन्‌तास राबवण्याची जुनी रीत मोडली. हेनानमधल्या शेतकरी कुटुंबातली उंच झू टिंग याच संघाचा आधार बनली. २०१५ चा विश्वचषक चीनने जिंकला.

रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली मात्र सुरुवात वाईट झाली. साखळीत नेदरलँड्स, सर्बिया आणि अमेरिका या तिघांकडून पराभव; गटात चौथा क्रमांक. उपांत्यपूर्व फेरीत समोर सलग दोन ऑलिम्पिक जिंकलेला ब्राझील, तोही घरच्या प्रेक्षकांपुढे. पहिला सेट १५-२५ असा गेला. तरीही चीनने सामना ३-२ ने खेचला. मग उपांत्य फेरीत नेदरलँड्स आणि अंतिम सामन्यात सर्बिया, दोघांनाही ३-१ अशी परतफेड करून सुवर्णपदक मिळवले. झू टिंग स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२०१९ च्या विश्वचषकात चीनने ११ पैकी ११ सामने जिंकले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मात्र झू टिंगचे मनगट दुखावलेले होते. तुर्कस्तान, अमेरिका आणि रशियन संघाविरुद्धचे पहिले तिन्ही सामने गेले आणि गतविजेते साखळीतच बाहेर पडले. त्यानंतर लांग पिंगने पद सोडले.