वाटाण्याच्या मुळांना गाठी का येतात?

आयर्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्क परगण्यात किन्सेल नावाचं एक छोटं बंदर आहे. तिथल्या एमर हिकी या शाळकरी मुलीने आईबरोबर बागेत काम करताना वाटाण्याचं रोप उपटलं, तर मुळांवर चामखिळींसारख्या गाठी दिसल्या. रोपाला रोग लागलाय, असं तिला वाटलं. शाळेत विचारल्यावर खुलासा झाला. त्या गाठींमध्ये रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन पकडून ते रोपाला पुरवतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. शेंगावर्गीय पिकांचा आणि या जिवाणूंचा हा जुना घरोबा.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. सोयाबीन, तूर, हरभरा पेरण्याआधी रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं आणि बियाणं सावलीत सुकवायचं, ही बीजप्रक्रिया गावोगावी चालते. एमर आणि तिच्या दोन मैत्रिणी, किअरा जज आणि सोफी हीली-थाऊ, यांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला. हा जिवाणू ज्या पिकांच्या मुळांवर गाठी करतच नाही, त्या पिकांच्या बियाण्याला तो चोळला तर? आयर्लंडमध्ये बार्ली आणि ओट ही महत्त्वाची धान्यं. पाऊस वर्षभर, जमीन थंड आणि ओली. बी जमिनीत जितके दिवस पडून राहील तितकी ते कुजण्याची भीती. कोंब दोन दिवस लवकर फुटला तरी शेतकऱ्याला तो हवाच असतो.

मुलींनी हजारो बिया मोजूनमापून रुजत घातल्या. काहींना जिवाणू लावले, काही तशाच ठेवल्या आणि नोंदी केल्या. जिवाणू लावलेल्या बिया निम्म्याने अधिक वेगाने रुजल्याचं काही चाचण्यांत दिसलं. बार्लीच्या रोपांचं वाळवून केलेलं वजन जास्तीत जास्त ७४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हे आकडे शाळकरी प्रयोगातले, तेही सर्वांत चांगल्या निकालांचे. शेतात उतरल्यावर माती, हवामान आणि जिवाणूचा वाण यांनुसार ते बदलणारच. तरीही गाठी न करणाऱ्या पिकावर शेंगांच्या जिवाणूचा परिणाम होतो का, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलींनी शिस्तीत तपासला, हे थोडंथोडकं नव्हे. २०१३च्या जानेवारीत त्यांना देशातला बालवैज्ञानिकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या स्पर्धेतही त्या पहिल्या आल्या आणि २०१४ मध्ये गूगल सायन्स फेअरचं मुख्य पारितोषिक घेऊन आल्या.

आयर्लंडमधल्या ज्या प्रदर्शनात त्या जिंकल्या, त्याची गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले दोन भौतिकशास्त्रज्ञ, टॉम बर्क आणि टोनी स्कॉट, १९६३ मध्ये संशोधनासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला गेले होते. बर्क हे धर्मगुरूही होते. तिथे त्यांनी शाळकरी मुलांच्या विज्ञान जत्रा पाहिल्या आणि आयर्लंडची शाळा मात्र फळ्यावरच विज्ञान शिकवते, हे त्यांना खटकलं. १९६५ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिलं ‘यंग सायंटिस्ट’ प्रदर्शन भरलं. प्रकल्प आले २३०. पुढच्याच वर्षी जागा पुरेना, म्हणून ते रॉयल डब्लिन सोसायटीच्या प्रशस्त आवारात हललं. पहिली अनेक वर्षं एअर लिंगस ही विमान कंपनी प्रायोजक होती, पुढे बीटी ही दूरसंचार कंपनी आली आणि २०२६ पासून स्ट्राइप ही ऑनलाइन पेमेंट कंपनी आहे. या स्ट्राइपचा एक संस्थापक पॅट्रिक कॉलिसन २००५ मध्ये, सोळाव्या वर्षी, याच प्रदर्शनाचा विजेता होता. त्याने स्वतःची एक संगणकभाषा लिहिली होती.

आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी. एवढ्याशा देशातून दरवर्षी सुमारे दोन हजार प्रकल्पांचे प्रस्ताव येतात आणि त्यांतले ५५० डब्लिनला बोलावले जातात. निवडीची रीत मला फार महत्त्वाची वाटते. सप्टेंबरच्या अखेरीला मुलांनी द्यायचा तो फक्त एक छोटा प्रस्ताव: प्रश्न काय आहे, तो का पडला, आणि उत्तर कसं शोधणार. चाळणी या कागदावर होते. निवड झाल्यावर बहुतेक काम ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये चालतं. म्हणजे निवडताना परीक्षकांच्या हाती निकाल नसतो, मॉडेल नसतं, लुकलुकणारे दिवे नसतात. असतो तो फक्त प्रश्न. जानेवारीत प्रदर्शनात परीक्षक एकाच टेबलाशी पुनःपुन्हा येतात, मुलांची प्रकल्प-डायरी उघडून बसतात आणि खोदून विचारतात. कुठल्या तारखेला काय फसलं, हे डायरीत नसेल तर पंचाईत होते.

आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनात नेमकं उलटं घडतं. खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलचं जलसंधारण, दोन पवनचक्क्या आणि ‘स्मार्ट सिटी’. या सगळ्यांची उत्तरं प्रयोग सुरू होण्याआधीच ठाऊक असतात. तयार मॉडेलं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि राहिलेलं रंगकाम आदल्या रात्री बाबा करतात. मुलाला पाठ करायला एक उतारा तेवढा उरतो.

पण मुलांकडे वेळ कुठे आहे, असं पालक विचारतील, आणि त्यांचं खरं आहे. आयर्लंडने या अडचणीवर काढलेला तोडगा ऐकला तर आपल्याकडच्या क्लासवाल्यांना झोप येणार नाही. तिथे साधारण पंधराव्या वर्षी मुलं ज्युनिअर सायकलची परीक्षा देतात. ही त्यांची दहावीच म्हणा. त्यानंतर लगेच बारावीच्या तोडीच्या लीव्हिंग सर्टिफिकेटच्या मागे लागायचं नाही. मध्ये एक अख्खं वर्ष घेता येतं, त्याला ट्रान्झिशन इयर म्हणतात. १९७४ मध्ये शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांच्या काळात ते मोजक्या शाळांत सुरू झालं आणि १९९४ पासून देशभर पसरलं. वर्षाच्या शेवटी बोर्डाची परीक्षा नसते. मुलं काही आठवडे एखाद्या कारखान्यात, दवाखान्यात किंवा वर्तमानपत्रात काम करतात, नाटक बसवतात, वृद्धाश्रमात जातात. आणि ज्यांना एखादा प्रश्न चावत असतो ती त्याच्या मागे लागतात.

ब्लार्नीची सेरा फ्लॅनरी अशीच लागली होती. वडील गणिताचे प्राध्यापक. घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर फळा होता आणि जेवताना कोडी घातली जायची. ट्रान्झिशन इयरमध्ये ती डब्लिनच्या बाल्टिमोर टेक्नॉलॉजीज या सांकेतिक लिपीवर काम करणाऱ्या कंपनीत काही दिवस उमेदवारी करायला गेली. तिथे मायकल पर्सर यांच्याकडून तिला एक कल्पना मिळाली. त्यावर तिने सारण्यांच्या गणिताने संदेश गुप्त ठेवण्याची एक नवी पद्धत बेतली. १९९९ मध्ये ती सोळाव्या वर्षी ‘यंग सायंटिस्ट’ची विजेती ठरली. तिची पद्धत प्रचलित आरएसए पद्धतीपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान होती. जगभर बातम्या झाल्या, मुलगी कोट्यधीश होणार अशीही हवा झाली. मग त्या पद्धतीत सुरक्षेच्या दृष्टीने मोठी त्रुटी असल्याचं निष्पन्न झालं. सेराने ती लपवली नाही, आपल्या लेखनात पुरवणी जोडून पद्धत कशी फोडता येते ते मांडलं. पुरस्कार काढून घेतला गेला नाही, आणि ते बरोबरच झालं. आपल्याकडे प्रदर्शनात एखाद्या मुलाने ‘माझं मॉडेल चालत नाही आणि का चालत नाही ते मला कळलंय’ असं सांगितलं तर त्याला किती गुण पडतील, याचा अंदाज कुणीही करावा.

एव्हाना चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की किन्सेल आणि ब्लार्नी ही दोन्ही गावं कॉर्कची. पुढच्या उदाहरणांतली गावंही कॉर्कचीच आहेत. खरी राजधानी डब्लिन नसून कॉर्कच, असं कॉर्ककर छातीठोकपणे सांगतात. पुणेकरांना या भावनेची ओळख करून द्यायला नको.

कॉर्कच्याच पश्चिम किनाऱ्यावर बॅलीडिहॉब नावाचं खेडं आहे. तिथला फिऑन फरेरा लहानपणापासून समुद्रात होडी वल्हवायचा आणि किनाऱ्यावर साचलेलं प्लास्टिक पाहायचा. एकदा त्याला तेल सांडून माखलेला एक दगड सापडला. दगडावरच्या तेलाला प्लास्टिकचे बारीक कण चिकटलेले होते. प्लास्टिक आणि तेल दोघंही पाण्याशी फटकून वागतात आणि एकमेकांकडे ओढले जातात, हे रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकातही आहे. फिऑनने त्यात लोहचुंबकाची भर घातली. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडची पूड, वनस्पती तेलात मिसळली की चुंबकाला खेचला जाणारा द्रव तयार होतो. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी असाच एक द्रव १९६३ मध्ये, वजनरहित अवस्थेत इंधन ओढून घेता यावं म्हणून बनवला होता. फिऑनने आपलं मिश्रण सूक्ष्मप्लास्टिक असलेल्या पाण्यात घातलं. तेलाने प्लास्टिकचे कण धरले आणि चुंबकाने तेलासकट सगळं वर खेचलं.

पाच मिलिमीटरहून लहान कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. सांडपाण्याच्या चाळण्यांतून त्यांतले बरेच निसटतात. फिऑनने दहा प्रकारच्या प्लास्टिकवर चाचण्या केल्या, त्यासुद्धा शेकड्यांनी, आणि लागणारी उपकरणं बऱ्याच अंशी स्वतः जुळवली. सरासरी सुमारे ८७ टक्के कण पाण्याबाहेर निघाले. कपडे धुताना सुटणारे तंतू सहज निघाले, पॉलिप्रोपिलीन मात्र चिवट ठरलं. २०१९ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने गूगल सायन्स फेअरचं मुख्य पारितोषिक जिंकलं. हा प्रयोग बाटलीभर पाण्यातला. गावाच्या सांडपाणी प्रकल्पात रोज लाखो लिटर पाण्यासाठी तेल, पूड आणि चुंबक कुठून आणायचे, हा वेगळाच प्रश्न आहे. पण दगडावरचं तेल पाहून ‘अरे, हे चिकटतंय का?’ असं वाटणं, तिथून सगळं सुरू झालं.

स्थानिक प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कचरा, पाणी आणि प्रदूषण येतं. कॉर्क शहराजवळच्या बॅलिनकॉलिगच्या एका शाळेतल्या दोन मुलांनी २०२० मध्ये शेजारच्या प्राथमिक शाळांकडे मोर्चा वळवला. पाच ते सात वर्षांच्या मुलामुलींना त्यांनी इंजिनिअरचं चित्र काढायला सांगितलं. मुलग्यांपैकी ९६ टक्क्यांनी पुरुष इंजिनिअर काढला. मुलींपैकी जेमतेम निम्म्यांहून थोड्या अधिक जणींनी बाई काढली. या प्रयोगाला लागला तो कागद आणि रंगखडू, आणि त्या वर्षीचं ‘यंग सायंटिस्ट’चं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. त्याच शाळेतल्या एका मुलाने त्याआधी, २०१८ मध्ये, घराच्या आसपास उगवणाऱ्या वनस्पती तपासून ब्लॅकबेरीच्या काटेरी झुडपात जिवाणूरोधक गुण शोधले होते आणि तोही पहिला आला होता. एकाच शाळेत असं पुनःपुन्हा घडतं तेव्हा मागे कुणीतरी चिवट शिक्षक असतातच.

लहान मुलांसाठी तर आयरिश लोकांनी स्पर्धाच काढून टाकली. ईएसबी सायन्स ब्लास्ट या प्राथमिक शाळांच्या उपक्रमात अख्खा वर्ग मिळून एक प्रश्न निवडतो आणि तपासतो. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. तज्ज्ञ प्रत्येक वर्गाशी बोलतात आणि पुढे काय करून पाहता येईल ते सुचवतात.

यातलं आपल्याला अगदीच परकं काही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलांनी शिकायचं ते गावाला उपयोगी पडणारी कामं करत: वेल्डिंग, माती परीक्षण, जमिनीच्या विद्युतरोधावरून भूजलाचा अंदाज. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांनी आपल्या परिसरातलाच प्रश्न घ्यायचा असतो. मुंबईच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृती संशोधन प्रकल्प असतो. योजना आहेत, त्यांमागचा विचारही चोख आहे. अडतं ते वेळेपाशी आणि बक्षिसापाशी. प्रकल्प बक्षिसासाठी म्हणून सुरू झाला की उत्तर आधी ठरतं. आणि दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत मुलांना अधिकृतपणे मोकळे असलेले दोन-तीन महिने आपण क्रॅश कोर्सला विकून टाकतो.

तेवढ्या सुट्टीत, एप्रिल-मेच्या उन्हात, महाराष्ट्रात काय मोजता येईल? दर रविवारी दोरी सोडून विहिरीच्या पाण्याची खोली मोजता येते. काही शे रुपयांच्या टीडीएस मीटरने टँकरच्या आणि नळाच्या पाण्यातले विरघळलेले क्षार पडताळता येतात. पत्र्याच्या आणि कौलांच्या छपराखाली दुपारी दोनचं तापमान टिपता येतं. आणि शाळेतले गळके नळ तर हाकेच्या अंतरावर असतात. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका नळातून रोज चार लिटरांहून जास्त पाणी जातं. फक्त वीस थेंबांचं हे माप औषधाच्या ड्रॉपरचं आहे. नळाचं तोंड मोठं, त्यामुळे थेंबही मोठा. तेव्हा तुमच्या शाळेतल्या नळाचे किती थेंब एक मिलिलिटर भरतात, हे आधी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये धरून पाहावं लागेल. आणि दोन नळांचे आकडे जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत, तेही.