नऊ तासांची कथा दोन तासांत



शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाला संक्षिप्त आवृत्तीचे वावडे असून चालत नाही. डिकन्सची जाडजूड कादंबरी शंभर पानांत बसविलेली जलद वाचनाची पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे मुलांच्या हाती देत आलो आहोत, आणि त्यांतूनच एखादा मुलगा पुढे मूळ ग्रंथाकडे वळतो हेही पाहत आलो आहोत. तेव्हा संक्षेप म्हटला की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. तरीही एका दूरचित्रवाणी नाटकाच्या संक्षेपाविषयी आज थोडे तक्रारीच्या सुरात बोलणार आहे. 'शोगुन' हे त्या नाटकाचे नाव.

मी शाळकरी वयाचा असताना आमच्या मामांनी आखातातून येताना काही व्हिडिओ कॅसेटी आणल्या होत्या, त्यांत ही एक होती. घरातील सारी मंडळी एका संध्याकाळी दाटीवाटीने बसून ती पाहून मोकळी झाली. वादळात सापडलेले जहाज, लखलखणाऱ्या तलवारी, किमोनो नेसलेली एक देखणी स्त्री आणि कारस्थानी पाद्री, एवढेच माझ्या ध्यानात राहिले. आजीला मात्र ते पाद्री फार लागले. "आपल्या फादरांना असं दाखवतात होय रे?" असे म्हणून ती उठून गेली. पुढे वीसेक वर्षांनी तेच नाटक संपूर्ण स्वरूपात तबकड्यांवर मिळाले, आणि आपण त्या संध्याकाळी कथेचा नुसता सांगाडा पाहिला होता, हे मला उमगले.

मूळ कादंबरी जेम्स क्लॅव्हेल यांची, १९७५ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यावरून बेतलेले नाटक अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने १९८० च्या सप्टेंबरात, १५ ते १९ या तारखांना, लागोपाठ पाच रात्री दाखविले. जाहिराती वगळता त्याची लांबी सुमारे नऊ तास भरते. दिग्दर्शक जेरी लंडन. ब्लॅकथॉर्न या इंग्रज जहाजी वाटाड्याची भूमिका रिचर्ड चेंबरलेन यांची, मारिकोची योको शिमादा यांची, आणि तोरानागा या सरदाराची थोर नट तोशिरो मिफुने यांची. कथा १६०० सालच्या जपानातील आहे. ब्लॅकथॉर्नचे जहाज किनाऱ्याला लागते, तो सरदारांच्या सत्तास्पर्धेत सापडतो, आणि त्याचे बोलणे भाषांतरित करून सांगण्यासाठी नेमलेल्या विवाहित, ख्रिस्ती, कुलीन मारिकोवर त्याचे मन जडते.

या नऊ तासांतून सुमारे दोन तासांचा एक चित्रपट कापून काढण्यात आला. तो युरोपातील चित्रपटगृहांत दाखविला गेला, आणि अमेरिकेत घरोघरी पाहण्यासाठी जी कॅसेट प्रथम निघाली तीही याच लहान रूपाची. कारण अगदी व्यवहारी होते. एका कॅसेटवर दोन-तीन तासांचेच चित्रण मावे, आणि चार-चार कॅसेटींचा संच विकत वा भाड्याने घेणारा ग्राहक त्या काळी थोडा. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक भाग गळला. गंमत अशी की, एवढी काटछाट करूनही दूरचित्रवाणीवर न दाखविलेली काही रक्तपाताची दृश्ये या लहान रूपात आली. जागा अपुरी पडली ती शब्दांना. तलवारीला पडली नाही.

आता कोणी म्हणेल, प्रसंग तर सारे मुख्य राहिले ना? मग बिघडले काय? बिघडले ते भाषेच्या बाबतीत.

मोठ्या नाटकातील जपानी पात्रे जपानीतच बोलतात, आणि त्या संवादांचा अर्थ पडद्यावर लिहून दाखविलेला नाही. अधूनमधून ऑर्सन वेल्स यांचा भारदस्त आवाज निवेदन करतो, तेवढाच आधार. एरवी ब्लॅकथॉर्नला जेवढे कळते तेवढेच आपल्याला. पहिल्या रात्री आपणही त्याच्यासारखेच बावरतो. कोण रागावले, कोण हसले, मस्तक उडविण्याचा हुकूम झाला की पाणी देण्याचा, काहीच समजत नाही. मग एकेक शब्द कानावर पडून पडून ओळखीचा होतो. 'हाय' म्हणजे होय, 'वाकारिमासु का' म्हणजे समजले का, हे शिकविल्याशिवाय येऊ लागते. शिक्षक म्हणून सांगतो, परकी भाषा शिकण्याचा इतका सच्चा अनुभव देणारे नाटक मी दुसरे पाहिलेले नाही. आणि हा अनुभव वेळावर उभा आहे. पाच रात्रींत जे कानात मुरते ते दोन तासांत मुरणार कोठून?

या कथेत भाषा शिकणे हा हौसेचा मामला नाही. सहा महिन्यांत ब्लॅकथॉर्नला जपानी नीट आले नाही तर साऱ्या गावाला प्राणदंड, असा हुकूम निघतो. त्या अन्यायाविरुद्ध तो स्वतःच्या पोटात सुरी खुपसायला सिद्ध होतो, आणि ऐन क्षणी त्याला आवरले जाते. हा प्रसंग मोठ्या नाटकात आपल्याला हलवून सोडतो, कारण तोपर्यंत त्याच्याबरोबर आपणही ती भाषा घोकत आलेलो असतो.

मारिकोचे प्रेमही याच वाटेने येते. ती त्याची दुभाषी. त्याचे प्रत्येक वाक्य तिच्या तोंडून जाते, आणि कोठे शब्द मवाळ करायचा, कोठे उद्धट वाक्य गिळून टाकायचे, हे ती ठरविते. तिच्या भाषांतरावर त्याचा जीव अवलंबून आहे. कादंबरीत तर ही दोघे एकांताचे बोलणे लॅटिनमधून करतात, कारण पोर्तुगीज जाणणारे कान आसपास असू शकतात. ती लॅटिन दाखविण्यासाठी लेखकाने इंग्रजीतील जुने एकवचनी सर्वनाम वापरले आहे. मराठी वाचकाला याची खूण चटकन पटेल. 'आपण'वरून 'तू'वर येणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून द्यावे लागत नाही. आमच्या आजोबांच्या काळी मिस्सेत ऐकू येणारी ती भाषा प्रेमिकांचे गुपित व्हावी, याची मला मोठी मौज वाटली. लहान रूपात पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की, एक गोरा पुरुष व एक सुंदर स्त्री भेटली आणि प्रेमात पडली. असे तर कोणत्याही चित्रपटात घडते.

दुभाष्याचे महत्त्व मी उगाच वाढवून सांगत नाही. गोव्याच्या श्रोत्यांना ही गोष्ट जवळची आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून जपानला गेले तेव्हा त्यांच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. त्याच्या सल्ल्याने झेवियरांनी परमेश्वरासाठी प्रथम 'दाइनिची' हा शब्द योजला. तो तर बौद्ध पंथातील महावैरोचन बुद्धाचे नाव निघाला! चूक कळताच झेवियरांनी तो टाकून 'देउस' हा लॅटिन-पोर्तुगीज शब्दच वापरण्यास प्रारंभ केला. (क्लॅव्हेल यांच्या कादंबरीतील कोळ्यांच्या गावाचे नावही अंजिरोच आहे.)

ब्लॅकथॉर्नमागची खरी व्यक्ती विल्यम ॲडम्स. हा इंग्रज १६०० च्या एप्रिलात डच जहाजातून जपानला पोहोचला, तेव्हा पोर्तुगीज जेझुइटांनी त्याला चाचा ठरवून देहान्त शिक्षेची मागणी केली. आजीला हे कटू वाटले असते, पण ते घडलेले आहे. त्याबरोबर दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. १५८३ साली राल्फ फिच व त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत एक इंग्रज जेझुइट होता. ते आपले फादर थॉमस स्टीफन्स, १६१६ साली छापलेल्या मराठी ख्रिस्तपुराणाचे कर्ते. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचिले, आणि त्याच पिढीतील जेझुइट जुआंव रोद्रिगिश यांनी जपानीचे. नाटकातील फादर आल्विटो हे पात्र या रोद्रिगिशांवरून घेतले आहे. मोठ्या नाटकात हा आल्विटो विद्वान आहे, मनात झगडणारा आहे, शत्रूच्या गुणांची त्याला कदर आहे. दोन तासांत त्याच्या वाट्याला कट करण्यापलीकडे फारसे उरत नाही. आजी उठून गेली ती या आल्विटोला न भेटताच.

मारिकोचे मूळही इतिहासात आहे. होसोकावा ग्रासिया ही सरदारपत्नी १५८७ साली ख्रिस्ती झाली, आणि १६०० साली ओसाका येथे शत्रूच्या हाती ओलीस पडण्यापेक्षा तिने मरण पत्करले. आत्महत्या धर्माला मान्य नसल्याने तिच्या सेवकाने तिचा अंत केला. तिची आणि ॲडम्सची भेट झाल्याचा पुरावा नाही. ते प्रेम कादंबरीकाराचे.

लहान रूपाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यात कथेचा वेग आहे, आणि मिफुने यांची नुसती बैठक पाहण्यासाठीही दोन तास खर्चावेत. त्या कॅसेटीमुळेच जपानचे नाव माझ्या कुतूहलात शिरले, हे नाकारता येणार नाही. २०२४ साली याच कादंबरीवर दहा भागांची नवी मालिका आली आणि तिने पहिल्याच वर्षी १८ एमी पारितोषिके मिळविली. तिच्यात बहुतेक संवाद जपानी असून त्यांचा अर्थ खाली लिहून येतो. त्यामुळे जपानी सरदारांची मने अधिक उघडी झाली, हा मोठाच लाभ. मात्र प्रेक्षकाचे बावरणे गेले.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी आईला जुने नाटक संपूर्ण दाखविले, रोज जेवणानंतर तासभर. तिला इंग्रजीही बेताचेच येते. चौथ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा ती मान लववून म्हणाली, "दोमो." नवव्या दिवशी मारिको गेली, आणि आईने तबकडी लगेच काढू दिली नाही.