आकाशातील बिछाना आणि हुद्द्याचा हिशेब

एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान 8 जून 1948 रोजी 35 प्रवाशांना घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जूनला लंडनला उतरले, तेव्हा प्रवाशांमध्ये स्वतः जे. आर. डी. टाटा होते, परंतु विमानात पुढचा वर्ग आणि मागचा वर्ग अशी विभागणी नव्हती, कारण ज्याच्यापाशी त्या तिकिटाचे दाम मोजण्याची ऐपत किंवा ज्याच्या पाठीशी ते मोजणारा धनी असे, तोच त्या काळी सागरापार आकाशमार्गाने जाई. वरच्या वर्गाची कल्पना आधी निघाली आणि तळचा वर्ग उरलासुरला म्हणून राहिला, असा जो आपला सर्वसाधारण समज असतो, त्याच्या नेमके उलट येथे घडले. आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघाने 1952 च्या मे महिन्यापासून उत्तर अटलांटिकवर स्वस्त दराच्या टूरिस्ट वर्गास मुभा दिली, 1958 मध्ये त्याहूनही स्वस्त असा इकॉनॉमी वर्ग आला, आणि पूर्वीचा जो एकमेव वर्ग होता तो आपोआपच 'पहिला' ठरला. या दोहोंच्या मधली जागा, जिला आज जगभर बिझनेस क्लास म्हणतात, ती आणखी वीस वर्षांनी निर्माण झाली, आणि तिचे जन्मदाते विलासी लोक नसून तक्रारखोर गिऱ्हाइके होती.

तक्रार रास्त होती. 1970 नंतरच्या दशकात जम्बो विमानांची आसने भरता भरेनात, म्हणून कंपन्यांनी आगाऊ आरक्षण करणाऱ्या सहलवाल्यांना भरघोस सवलती देऊ केल्या. फ्रेडी लेकर यांच्या 'स्कायट्रेन'ने तर 26 सप्टेंबर 1977 पासून लंडनहून न्यूयॉर्कला 59 पौंडांत माणसे नेण्यास आरंभ केला, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानवाहतुकीवरील दरांचे सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा केला. अशा वेळी ज्याला कामासाठी उद्याच्या उद्या निघावे लागे, ज्याचा बेत ऐन वेळी बदले आणि म्हणून ज्याला पूर्ण दराचे तिकीट घेण्यावाचून गत्यंतर नसे, तो व्यापारी आपल्या निम्म्याहून कमी पैसे दिलेल्या सहप्रवाशाच्या शेजारी, त्याच्याच मापाच्या आसनावर, तेच जेवण जेवत बसलेला असे. 1976 च्या सुमारास डच कंपनी केएलएमने पूर्ण दर देणाऱ्यांना विमानाच्या पुढच्या अंगास बसविण्यास सुरुवात केली. 1978 मध्ये ब्रिटिश एअरवेज आणि पॅन अ‍ॅम यांनी त्यांच्यासाठी निराळा कक्ष राखला, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 1979 मध्ये त्यास अधिक रुंद आसनांची जोड दिली. आरंभी यात पडद्याखेरीज फारसे काही नव्हते. आसन पूर्वीचेच, पेय फुकट, आणि शेजारी थोडी शांतता, इतकाच नफा होता.

हा वर्ग ज्या पायावर उभा आहे, तो पाया असा की येथे प्रवास करणारा एक असतो आणि पैसे देणारा दुसरा. स्वतःच्या खिशातून दाम मोजून सहकुटुंब बिझनेस क्लासने जाणारे आज दिसू लागले आहेत खरे, परंतु या व्यवहाराची मूळ मांडणी फिरतीवर पाठविणारी कचेरी आणि फिरतीवर जाणारा नोकर या जोडीवर झालेली आहे. आणि जेथे कचेरी आली तेथे हुद्दा, मंजुरी आणि प्रवासभत्ता ही त्रयी ओघानेच आली. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मध्ये केंद्र सरकारने जे प्रवासविषयक हुकूम काढले, त्यांत परदेशप्रवासासाठी चौदा ते सोळा या वेतनस्तरांच्या अधिकाऱ्यांना बिझनेस क्लास, त्यावरील स्तरास पहिला वर्ग आणि तेराव्या स्तरापासून खाली सर्वांना इकॉनॉमी, असा क्रम लावलेला होता. प्रवास चार तासांचा की सोळा तासांचा, अधिकारी तिशीतला की निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा, उतरल्यावर त्याने विश्रांती घ्यावयाची की त्याच दुपारी करारनाम्यावर वाटाघाटी करावयाच्या, याचा या क्रमात विचार नाही. खाजगी कंपन्यांचे नियम किंचित उदार असतात आणि काही ठिकाणी उड्डाणाच्या तासांची अट घालतात, तथापि तेथेही आधी पाहिली जाते ती पदाची पायरी.

काटकसरीची मोहीम निघाली म्हणजेही हाच हिशेब उलट्या बाजूने चालतो. 2009 च्या सप्टेंबरात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सहकाऱ्यांना इकॉनॉमीतून प्रवास करण्याचे आवाहन केले, आणि त्या सुमारास सोनिया गांधी दिल्लीहून मुंबईला इकॉनॉमी वर्गाने आल्याची वार्ता देशभर छापली गेली. हा आदर्श चांगला होता, यात संशय नाही. पण दोन तासांच्या उड्डाणात कोणते आसन मिळाले याने कामाचे काहीच अडत नाही, आणि ज्या लांबच्या प्रवासात ते अडते त्याविषयी त्या चर्चेत कोणी फारसे बोलले नाही, हेही तितकेच खरे.

लांबच्या प्रवासात नेमके काय अडते? या प्रश्नाचे उत्तर मला जेवणाच्या थाळीत किंवा विमानतळावरील विश्रामकक्षात सापडत नाही. ते माणसाच्या पाठीत सापडते. निकल्सन आणि स्टोन या दोघा ब्रिटिश संशोधकांनी 1987 मध्ये आसनाच्या पाठीचा कल आणि झोपेची प्रत यांचा संबंध तपासला. जवळजवळ ताठ आरामखुर्चीत झोप तुटक व उथळ येते, आणि पाठ लंबरेषेपासून चाळीस अंशांहून अधिक मागे झुकली की ती झोप अंथरुणातील झोपेच्या निकट जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. इकॉनॉमीतील आसनांच्या दोन रांगांमध्ये साधारणतः 31 किंवा 32 इंचांचे अंतर असते. त्यात तेवढा कल मिळणे भूमितीच्या नियमांनीच अशक्य आहे. दीर्घ उड्डाणांत वैमानिकांनी पाळीपाळीने घ्यावयाच्या विश्रांतीचे जे नियम अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने केले, त्यांत विश्रांतीस्थळांच्या तीन प्रती ठरविल्या आहेत : प्रवासी कक्षापासून वेगळे, पूर्ण आडवे होता येईल असे बाक ही पहिली, जवळजवळ सपाट होणारे आसन ही दुसरी, आणि निदान चाळीस अंश मागे जाणारे आसन ही तिसरी, आणि ज्या प्रतीची विश्रांती, त्या मानाने कामाची कमाल मुदत. ज्यांच्या सावधपणावर शेकडोंचे प्राण अवलंबून असतात त्यांच्या बाबतीत आडवे होणे ही चैन नव्हे, हे शासनाने येथे कायद्याच्या भाषेत मान्य केले आहे.

प्रवाशांच्या वाट्याला ही गोष्ट फार उशिरा आली. 1950 च्या आगेमागे स्ट्रॅटोक्रूझरसारख्या पंख्यांच्या विमानांत शयनबाके होती, परंतु जेट विमानांनी प्रवासाचे तास निम्म्यावर आणले तसा तो बिछाना लोप पावला, आणि बिझनेस क्लासच्या पहिल्या दोन दशकांत त्यातील आसने केवळ अधिकाधिक मागे झुकत गेली. 2000 मध्ये ब्रिटिश एअरवेजने या वर्गात पूर्णपणे सपाट होणारे आसन आणले, आणि ते बसविण्यासाठी लंडनच्या टँजरीन या आरेखन संस्थेने जी युक्ती योजली ती खरोखर बुद्धिमान होती : शेजारशेजारची दोन आसने परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून ठेवली, म्हणजे एकाच्या खांद्यांची रुंदी दुसऱ्याच्या पायांच्या अरुंदपणात सामावली आणि रांगेतील प्रवाशांची संख्या फारशी न घटता प्रत्येकास बिछाना मिळाला. असा बिछाना उड्डाणाच्या वेळी ताठ आसनही व्हावा लागतो, आणि अपघाताच्या चाचणीत गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट आघात सोसूनही जाग्यावरून निखळता कामा नये. म्हणून त्याची रचना दिसते त्याहून पुष्कळच बिकट असते. 2017 मध्ये कतार एअरवेजने या आसनास सरकते दार बसविले. माझ्या मते झोपेच्या दृष्टीने खरा टप्पा 2000 चाच. दार ही पुढची शोभा.

कामानिमित्त मुंबईहून लंडनला मी मागच्या आसनावरून गेलो आहे आणि पुढच्या बिछान्यावरूनही, आणि दोहोंतील अंतर मला उतरल्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता, समोरच्या माणसाचे वाक्य पुन्हा विचारावे लागते की नाही यावरून उमगले. तथापि त्या बिछान्यावर पडल्या पडल्या हेही लक्षात आले की पडद्याच्या अलीकडे आणि पलीकडे हवा एकच आहे. विमानातील दाब समुद्रसपाटीचा नसून सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगराचा असतो, आणि आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. लुफ्तान्साने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून 2010 मध्ये करवून घेतलेल्या तपासणीत अशा हवेत मीठ व साखर यांची चव मंदावते आणि टोमॅटोच्या रसाची मात्र टिकते, असे आढळले. नामांकित आचाऱ्यांनी रचलेल्या पुढच्या जेवणालाही या नियमातून सूट नाही. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या विकाराला लोकांनी इकॉनॉमीचे नाव दिले खरे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालाने चार तासांहून अधिक काळ निश्चल बसून केलेल्या कोणत्याही प्रवासात, मग तो आगगाडीचा का असेना, हा धोका सुमारे दुप्पट होतो असे सांगितले. निरोगी माणसाच्या बाबतीत तो साधारणतः सहा हजारांत एक. हिंडत राहणे हा त्यावरचा उपाय पडद्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच फुकट मिळतो.

आणि शरीरातील घड्याळ तर कोणत्याच दामाने हलत नाही. ते दिवसाला सुमारे एक तास या बेताने सरकते, पूर्वेकडे जाताना त्याहूनही मंद. महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी 29 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीच्या दुसऱ्या वर्गाने निघाले आणि 12 सप्टेंबरला लंडनला पोहोचले. त्या दोन आठवड्यांत बोटीचे घड्याळ दररोज थोडेथोडे मागे जात राहिले, आणि उघड्या डेकवर निजणाऱ्या त्या प्रवाशास ज्या वाटाघाटी करावयाच्या होत्या त्यांच्यासाठी त्याचे शरीर वाटेतच तयार झाले. आज तेच अंतर नऊ-दहा तासांत कापले जाते, आणि मुंबईहून न्यूयॉर्कला कोठेही न थांबता सुमारे सोळा तासांत. म्हणजे बोटीने जी विश्रांती वेळेच्या रूपाने सर्वांना दिली होती, ती आता बिछान्याच्या रूपाने थोड्यांना विकली जाते.

ही विक्री पृथ्वीलाही महाग पडते. आडवा झालेला माणूस बसलेल्या माणसाहून विमानाची अधिक जागा अडवितो, आणि इंधनाचा खर्च जागेच्या प्रमाणात वाटला तर बिझनेस क्लासच्या एका प्रवाशाच्या माथी इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट कर्ब येतो, असे जागतिक बँकेच्या 2013 च्या एका शोधनिबंधात दाखविले आहे. म्हणून हा बिछाना कोणाला द्यावा हा प्रश्न केवळ कचेरीच्या जमाखर्चाचा राहत नाही. हिंजवडीतील एखादा तरुण अभियंता अमेरिकेतील गिऱ्हाइकाच्या बंद पडलेल्या संगणकव्यवस्थेसाठी आखाती विमानतळावर विमान बदलून, वीस तासांहून अधिक बसल्या आसनी जातो आणि उतरल्या दिवशी कामाला लागतो. त्याचा वरिष्ठ वार्षिक बैठकीस एक दिवस आधी पोहोचावा म्हणून आडवा निजून जातो. ज्याच्या चुकीने दुसऱ्या दिवशी अधिक नुकसान होईल त्याला बिछाना नाही, आणि ज्याच्यापाशी विश्रांतीचा मोकळा दिवस आहे त्याला आहे, ही व्यवस्था मला अन्यायाची तर वाटतेच, परंतु व्यवहाराच्या दृष्टीनेही ती खोटी वाटते. माझे म्हणणे इतकेच, की प्रवासभत्त्याच्या नियमांत वेतनस्तराच्या रकान्याऐवजी सलग उड्डाणाचे तास, प्रवाशाचे वय व प्रकृती, आणि उतरल्यापासून काम सुरू होईपर्यंतचा अवधी असे तीन रकाने घालावेत, आणि जेथे एक दिवस आधी पाठविता येते तेथे बिछान्याऐवजी तो दिवस द्यावा. विमानतळाजवळच्या साध्या खोलीचे एका रात्रीचे भाडे वरच्या तिकिटाच्या वाढीव दामापुढे किरकोळ असते.

विमान कंपन्यांपैकी एकीने या दिशेने पाऊल टाकले आहे. न्यूझीलंडहून कोठेही जावयाचे म्हणजे दीर्घ प्रवास अटळ. तेथील एअर न्यूझीलंडने 2020 मध्ये इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी एकावर एक रचलेल्या सहा शयनबाकांची योजना जाहीर केली. चार तासांची एक पाळी निराळे शुल्क देऊन राखावयाची, चादर बदलली की पुढच्याची पाळी, आणि जेवण, दारू व पडदा यांपैकी कशाचाही त्या शुल्काशी संबंध नाही, असा तिचा आराखडा आहे. फिरतीचे नियम लिहिणाऱ्या कोणत्याही कचेरीला अशी चार तासांची पावती मंजूर करण्यास पदाचा रकाना पाहण्याची गरज पडणार नाही.